नागपूर राज्याचे संस्थापक श्रीमंत रघूजीराजे भोसले

नागपूर जिल्ह्यात कोणत्याही जुन्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात भोसल्यांचे नाव येतेच. हे देऊळ भोसल्यांच्या वेळचे, ही विहीर भोसल्यांनी बांधलेली, हे इनाम भोसल्यांकडून मिळालेले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात खरे किती आणि कौतुकापोटी चिकटलेले किती, हे ज्याने त्याने आपल्या गावचे जुने कागद पाहून ठरवावे. परंतु हे भोसले मुळात कोठले, ते या मुलखात आले कसे, आणि गोंड राजांच्या नागपुरावर त्यांचे निशाण कोणत्या वाटेने चढले, असे विचारले तर पुष्कळांना नीट सांगता येत नाही. यास्तव या घराण्याचे नाव ज्यांनी हिंदुस्थानभर नेले त्या सेनासाहेब सुभा रघूजीराजे भोसले यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

नागपूरकर भोसले हे मूळचे पुणे प्रांतातील हिंगणी बेर्डी या गावचे. म्हणून त्यांना हिंगणीकर भोसले म्हणत. सातारा प्रांतातील देऊर हे गावही त्यांच्याकडे होते. शिवछत्रपतींचे घराणे आणि हे घराणे यांचा मूळ पुरुष एकच, असे मानण्याची परंपरा आहे. या घराण्यातील मुधोजी यांना बापूजी, परसोजी आणि साबाजी असे पुत्र होते. पैकी परसोजी मोठे कर्तबगार निघाले. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात, जेव्हा औरंगजेबाने सारा दक्षिण देश व्यापला होता, तेव्हा परसोजींनी वऱ्हाड आणि गोंडवन या बाजूस मोहिमा चालवून चौथाईचा हक्क बसविला. सेनासाहेब सुभा हा किताब याच घराण्यात पुढे वंशपरंपरेने चालला.

परसोजींची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. १७०७ साली औरंगजेब मरण पावला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली. सतरा-अठरा वर्षे छावणीत काढलेला राजपुत्र स्वदेशी परत येत होता. त्याला ओळखणारे थोडे, आणि साताऱ्याकडे ताराबाईंचा पक्ष तर हा तोतया आहे असेच म्हणू लागलेला. अशा वेळी परसोजी भोसले आपल्या फौजेनिशी शाहूंना येऊन मिळाले आणि सर्वांसमक्ष त्यांच्या ताटात जेवले. त्या काळी एका ताटात जेवणे म्हणजे कागदावर शिक्का मारण्याहून मोठी साक्ष होती. कुळाचा माणूस परक्याच्या ताटात हात घालणार नाही, हे प्रत्येकजण जाणत होता. त्यानंतर इतर सरदारांचा संशय हळूहळू फिटला. शाहू महाराजांनी हा उपकार जन्मभर स्मरला आणि हिंगणीकरांचे दैव येथूनच उघडले. परसोजी मात्र १७०९ साली निवर्तले व त्यांचे पुत्र कान्होजी सेनासाहेब सुभा झाले. त्यांचे ठाणे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे होते.

आता रघूजींकडे वळू. परसोजींचे बंधू बापूजी, त्यांचे पुत्र बिंबाजी, आणि बिंबाजी व काशीबाई यांचे पुत्र रघूजी. बिंबाजींना बरेच दिवस मूल नव्हते. वाईजवळच्या पांडववाडी येथे रामाजीपंत कोल्हटकर नावाचे रामोपासक सत्पुरुष राहत. त्यांच्या आशीर्वादाने मुलगा झाला म्हणून त्याचे नाव रघूजी ठेवले, अशी कथा या घराण्यात सांगितली जाते. कथेवर विश्वास ठेवावा न ठेवावा, परंतु दोन गोष्टी तिच्यातून पुढे खऱ्या निघाल्या. रघूजी आयुष्यभर रामभक्त राहिले, आणि कोल्हटकर घराणे त्यांच्याशी असे जोडले गेले की त्यातलेच भास्करराम पुढे त्यांचे मुख्य सेनापती झाले.

वडील लवकर गेले. मुलाला आई आणि आजी यांनी वाढविले. वयात आल्यावर रघूजी भाम येथे कान्होजींपाशी गेले. कान्होजींना पुत्र नव्हता, त्यामुळे त्यांनी या चुलतपुतण्याला पोटच्या मुलासारखे वागविले. पुढे कान्होजींना मुलगा झाला, रायाजी त्याचे नाव, आणि मग जे बहुतेक घरांत होते तेच येथे झाले. रघूजींना आपली जागा उणी वाटू लागली. थोडेसे स्वार घेऊन ते बाहेर पडले व देवगडच्या गोंड राजाच्या चाकरीस राहिले. तेथून एलिचपूरच्या नबाबाकडे गेले. पुढे ज्या गोंड घराण्याचे ते आश्रयदाते व्हायचे होते त्या घराण्याचे मीठ त्यांनी आधी चाकर म्हणून खाल्ले होते, ही गोष्ट पुढचा भाग वाचताना वाचकांनी ध्यानात ठेवावी.

अखेर ते साताऱ्यास शाहू महाराजांकडे गेले. शाहूंना शिकारीचा मोठा नाद. रघूजी उत्तम घोडेस्वार आणि अचूक नेमबाज. शिकारीत एकदा त्यांनी महाराजांना वाघापासून वाचविले असे सांगतात. महाराजांची मर्जी बसली, आणि राणी सगुणाबाई यांच्या बहिणीशी रघूजींचा विवाह लावून देण्यात आला. एव्हाना कान्होजींचे आणि दरबाराचे बिनसले होते. हिशेब पाठवावयाचा नाही, बोलावले तर यावयाचे नाही, असा त्यांचा बाणा झाला होता. महाराजांनी सेनासाहेब सुभ्याची वस्त्रे रघूजींना दिली आणि कान्होजींना धरून आणण्याची कामगिरीही त्यांनाच सांगितली. १७३०च्या सुमारास वणीजवळ मंदर येथे कान्होजी हाती लागले. त्यांना साताऱ्यास नेण्यात आले व तेथेच नजरकैदेत त्यांचा अंत झाला. ज्यांनी मुलासारखे सांभाळले त्यांनाच बेड्या घालून नेण्याची वेळ रघूजींवर आली. दरबारच्या हुकुमापुढे इलाज नव्हता हे खरे. पण किताब त्यांना मिळणार होता हेही तितकेच खरे. चरित्रकार बहुधा या प्रसंगावरून घाईने पुढे जातात. आम्हांस ते योग्य वाटत नाही.

नागपूर शहराची कथा आता सुरू होते. आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातील देवगड हे गोंडांचे मोठे राज्य. तेथील राजा बख्त बुलंद शाह हा औरंगजेबाच्या दरबारी जाऊन आलेला. राजघराण्यातील नावे तेव्हापासून मुसलमानी झाली, तरी घराणे आणि रीत गोंडाचीच राहिली. बख्त बुलंदाने दिल्लीची शहरे पाहिली होती. आपल्या मुलखातही तसे एखादे असावे असे त्याच्या मनाने घेतले, आणि १७०२च्या सुमारास नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून त्याने नागपूर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने देवगडहून राजधानी येथे आणली, गावाला कोट घातला आणि मोठा तलाव बांधला. शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणून आपण ओळखतो तो हाच. नागपूर भोसल्यांनी वसविले असा समज खेड्यापाड्यांत आहे तो चुकीचा आहे. शहर गोंडांचे. भोसल्यांनी ते वाढविले.

चांद सुलतान वारल्यावर गादीचा तंटा पेटला. बख्त बुलंदाचा दासीपुत्र वलीशाह याने गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या दोन मुलांसाठी, बुऱ्हाणशाह आणि अकबरशाह यांच्यासाठी, भामला रघूजींकडे मदत मागितली. १७३०–४० या दशकाच्या उत्तरार्धातील ही गोष्ट. रघूजी फौज घेऊन आले. पाटणसावंगी, भंडारा ही ठाणी घेत ते देवगडापर्यंत पोचले, वलीशाहाला पकडले आणि राणीच्या मुलांना गादीवर बसविले. राणीने त्यांना आपला तिसरा मुलगा मानले व राज्याचा तिसरा हिस्सा दिला, असे परंपरेने सांगतात. मदतीचा मोबदला म्हणून मुलूख तोडून देण्याची रीत तेव्हा सर्वत्र होतीच, परंतु येथे तिला मुलाच्या वाटणीचे रूप मिळाले. राणीचा शहाणपणा यात दिसतो. परक्याला हिस्सा दिला तर तो आणखी मागतो. मुलाला दिला तर निदान भावांची लाज धरील, अशी तिची अटकळ असावी.

ती निम्मी खरी ठरली. काही वर्षांनी दोघे भाऊ आपसांत भांडले. बुऱ्हाणशाहाने रघूजींना बोलाविले, अकबरशाह निजामाच्या आश्रयास गेला व तिकडेच मेला. आता बुऱ्हाणशाह एकटा उरला आणि सारी सत्ता रघूजींच्या हाती आली. त्यांनी आपले ठाणे भामहून नागपुरास हलविले. मात्र बुऱ्हाणशाहाला गादीवरून खाली ओढले नाही. त्याला नेमणूक करून दिली, राजा हा मान कायम ठेवला, आणि किल्ल्यात त्याच्या इतमामाने राहू दिले. भोसले कारभार पाहत, गोंड राजा राजा म्हणून राही. यात धोरण किती आणि मिठाची जाण किती, हे तोलून सांगणे कठीण. गोंड मुलखात गोंड राजाच्या नावाने वसूल सहज गोळा होतो, हे रघूजींना कळत नव्हते असे नाही. पण त्या काळी गादी घेणारे लोक पूर्वीच्या राजाचे डोळे काढीत, विष घालीत. नागपुरात तसे घडले नाही, आणि गोंड राजाचे घराणे भोसल्यांच्या अमदानीभर त्याच शहरात नांदले.

रघूजींबरोबर पश्चिमेकडून पुष्कळ माणसे या मुलखात आली. मराठे शिलेदार, कुणबी, ब्राह्मण व प्रभू कारकून यांनी येथे घरे केली. आपल्या भागातील कित्येक कुळांच्या वंशावळी याच सुमारास येथे येऊन सुरू होतात.

१७४० साल रघूजींच्या आयुष्यात विशेष घाईचे गेले. शाहू महाराजांनी त्यांना फत्तेसिंह भोसल्यांबरोबर कर्नाटकात पाठविले होते. मे महिन्यात दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नबाब दोस्तअली लढाईत पडला. इतक्यात थोरले बाजीराव पेशवे नर्मदेकाठी वारल्याची बातमी आली. रघूजी तडक साताऱ्यास परतले. बाजीरावांचे आणि त्यांचे पटत नसे, आणि पेशवाई त्यांच्या मुलाकडे जाऊ नये, बाबूजी नाईक बारामतीकरांना मिळावी, अशी त्यांची खटपट होती. ती फसली. नानासाहेब पेशवे झाले. रघूजी पुन्हा दक्षिणेस गेले, त्रिचनापल्लीला वेढा घातला आणि १७४१च्या मार्चमध्ये, नेमक्या रामनवमीच्या दिवशी, तो किल्ला हाती आला. चंदासाहेब कैद झाला व सात वर्षे मराठ्यांच्या कैदेत राहिला. पुदुचेरीच्या फ्रेंचांनी रघूजींना उंची मद्याच्या बाटल्या पाठवून राग शांत केला, अशी एक कथा फ्रेंच लेखक रंगवून सांगतात. तिची मौज वाटते इतकेच.

याच सुमारास भास्कररामांनी छत्तीसगडात रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमविले आणि बंगालची वाट मोकळी झाली.

बंगालच्या स्वाऱ्या हा रघूजींच्या चरित्रातील सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड भाग. ओरिसातील मीर हबीब नावाचा सरदार बंगालचा नबाब अलिवर्दीखान याच्यावर रुसून नागपूरकरांना मिळाला. त्याच्या मसलतीने १७४२ साली भास्करराम बंगालात उतरले. मुर्शिदाबादेस जगत्सेठांची पेढी लुटली गेली. कटव्यास मराठ्यांनी तळ दिला. तेथे भास्कररामांनी नवरात्रात मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली असता अलिवर्दीखानाने रात्री नदी उतरून छापा घातला आणि सैन्याची दाणादाण केली. पुढील साली रघूजी स्वतः गेले. तेव्हा दिल्लीच्या बादशहाच्या सांगण्यावरून नानासाहेब पेशवे नबाबाच्या बाजूने उतरले, आणि परमुलखात मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकांवर चालून गेल्या. शाहू महाराजांनी दोघांना साताऱ्यास बोलावून ऑगस्ट १७४३ मध्ये मुलखाची वाटणी करून दिली. बंगाल, बिहारचा बराचसा भाग आणि ओरिसा रघूजींकडे आले.

३१ मार्च १७४४ रोजी अलिवर्दीखानाने मनकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी भास्कररामांना तंबूत बोलाविले आणि एकवीस सरदारांसह त्यांची कत्तल केली. छावणीत मागे राहिलेले रघूजी गायकवाड तेवढे वाचले, त्यांनी फौज परत आणली. पांडववाडीच्या रामोपासकाच्या घरातील तो सेनापती असा गेला. रघूजींना हे दुःख कधी विसरता आले नाही. १७४५ साली ते स्वतः कटकावर चालून गेले, तेथील सुभेदार दुर्लभराम याला कैद केले, आणि त्यानंतर सहा वर्षे हे युद्ध चालू राहिले.

विश्वासघात नबाबाने केला हे निर्विवाद. परंतु बंगालच्या रयतेने काय सोसले हे महाराष्ट्रात फारसे सांगितले जात नाही, म्हणून येथे सांगणे भाग आहे. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वाराला आपण बारगीर म्हणतो. बंगाल्यांनी त्याचे बर्गी केले. गावे जळाली, पिके गेली, विणकर माग टाकून गंगेपार पळाले. मराठ्यांच्या भीतीने कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणला, तो मराठा खंदक या नावानेच प्रसिद्ध झाला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या धामधुमीवर काव्य रचले, त्याचे नावच महाराष्ट्र पुराण. बर्गी आल्याचे भय घालून मुलाला निजविण्याचे अंगाईगीत बंगाली आया अजून म्हणतात. ज्या रघूजींच्या पराक्रमाची आपण अभिमानाने आठवण काढतो, त्यांचे स्वार दुसऱ्या एका मुलखात असे स्मरले जातात. चौथाई वसूल करावयाची, पण त्या मुलखाच्या बंदोबस्ताची जबाबदारी घ्यावयाची नाही, या पद्धतीचा हा परिणाम होता. नागपूर प्रांती रघूजींनी जे धोरण ठेवले, ते बंगालात ठेवले नाही.

१७५१ साली तह झाला. अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, सुवर्णरेखा नदी हद्द ठरली आणि ओरिसा व्यवहारतः नागपूरकरांच्या ताब्यात आला. १८०३ पर्यंत तो त्यांच्याकडे होता. जगन्नाथपुरीच्या देवस्थानाची व्यवस्था या काळात भोसल्यांकडे होती. यात्रेकरूंवर त्यांनी कर घेतला, तसेच देवस्थानाला उत्पन्नेही लावून दिली. कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढील अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा आहे, तो मराठी अमलातच तेथे आणलेला. पुरीला गेलेल्या यात्रेकरूंनी तो पाहिला असेल.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले. रघूजींच्या एका मुलाला दत्तक घेण्याची कुजबुज पूर्वी झालेली होती, तरी त्यांनी हक्क लढविला नाही. ताराबाईंनी रामराजा हा आपला नातू म्हणून पुढे केला, तेव्हा रघूजींनी एकच अट घातल्याचे सांगतात. ताराबाईंनी जातभाईंच्या समक्ष रामराजासह भोजन करावे आणि त्या अन्नावर हात ठेवून तो आपला नातू असल्याची शपथ घ्यावी. परसोजींनी शाहूंच्या ताटात घास घेतला त्याला बेचाळीस वर्षे झाली होती. ज्या ताराबाईंच्या पक्षाने तेव्हा शाहूंना तोतया ठरविले, त्यांनाच आता तीच साक्ष हिंगणीकरांपुढे द्यावी लागली.

रामटेकचा उल्लेख शेवटी राखून ठेवला होता. गडावरील राममंदिरे मुळात यादवकाळातील. ती जीर्ण झाली होती, पूजा-अर्चा मंदावली होती. देवगड हाती आल्यावर रघूजींनी रामटेकच्या देवस्थानाचा जीर्णोद्धार केला आणि गडाला पुन्हा वैभव आणले. मूर्तींविषयीच्या दंतकथा गड चढलेल्या प्रत्येकाने ऐकलेल्या असतील, त्या येथे पुन्हा सांगत नाही. पुढे त्यांचे पुत्र बिंबाजी छत्तीसगडचा कारभार पाहू लागले तेव्हा त्यांनीही रतनपुरास टेकडीवर राममंदिर बांधले. त्या टेकडीला रामटेकरीच म्हणतात. बापाने रामटेक सजविला तो मुलाने आपल्याबरोबर नेला, असे म्हणावयास हरकत नाही.

१४ फेब्रुवारी १७५५ रोजी रघूजीराजे नागपूर मुक्कामी निवर्तले. जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी असे त्यांना चार पुत्र. जानोजी वयाने वडील, पण मुधोजी थोरल्या राणीचे. तंटा पुण्यास गेला. ज्या पेशव्यांना रघूजींनी जन्मभर विरोध केला त्यांच्याच निवाड्याने जानोजी सेनासाहेब सुभा झाले, मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब व चांदा मिळाला, साबाजींकडे वऱ्हाडचा भाग आणि बिंबाजींकडे छत्तीसगड गेले. वाटणीने वैर मिटले नाही. २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. दुसऱ्या रघूजींना १८०३ च्या देवगावच्या तहात ओरिसा इंग्रजांना द्यावा लागला. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेबांच्या कारकिर्दीत सीताबर्डीची लढाई झाली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. बुऱ्हाणशाहाच्या वंशजांना मात्र त्यानंतरही इंग्रज सरकारकडून पेन्शन मिळत राहिली व ते नागपुरातच राहिले.

रघूजीराजांच्या नावाची एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांत ती मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पाते सरळ, एकधारी, युरोपात घडविलेले. त्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांनी त्यांचे नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब कोरलेला आहे.